धानाच्या खोलीतलं नाताळाचं झाड

उपचारांसाठी नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायच्या आधी माझी थोरली बहीण लाखनीला आमच्याकडे आली आणि आपली कुंडी माझ्या हातात देऊन गेली. नाताळात फुलणारं निवडुंग. काटे नाहीत, नुसती चपटी लोंबती पानं.

"दिवाळीच्या आधीपासून सांज झाली का याले पुरा अंधार दे," ताई म्हणाली. "उजेड लागला तर कळीच धरत नाही. आन कळ्या आल्या का कुंडी हालवू नको, गळतात." मग सहज बोलावं तसं म्हणाली, "यंदा मले फुललेलं पाहाचं आहे."

ते 'यंदा' माझ्या छातीत रुतून बसलं. मी मनाशी ठरवूनच टाकलं, हे फुललं तर ताई बरी होईल. दुसऱ्या कुणी असलं काही ठरवलं असतं तर मीच त्याची खिल्ली उडवली असती.

आमचं घर हायवेला लागून. ट्रकचे दिवे भिंतींवरून फिरत राहतात. म्हणून कुंडी दिवसा ओसरीत आणि तिन्हीसांजेपासून धानाच्या खोलीत. तिथल्या खिडकीला पोतं ठोकलं, बल्ब काढून घेतला. कुणी त्या दाराजवळ गेलं तरी माझा जीव धसकायचा. "आता झाडाले पलंग बी टाकून दे," नवरा म्हणाला, तर मी त्याच्यावर खेकसले. भीती वाटली की मला राग येतो, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

दिवाळीत सासूबाई खोलीखोलीत पणती ठेवतात, आणि धानाच्या खोलीत सगळ्यांच्या आधी. मला हे माहीत होतं, पण पाहुण्यांच्या गडबडीत लक्षातच राहिलं नाही. दार उघडलं तर कुंडीशेजारी पणती जळत होती आणि पानं चकचकत होती. मी तिथूनच सासूबाईंवर ओरडले.

"काहून लावली इथं? सांगितलं होतं ना!"

"धानाजवळ सणाचा अंधार कसा ठेवू वं?" सासूबाई म्हणाल्या. "आन तुया ताईचं नाव घेऊनच लावली."

मी पणती उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच संध्याकाळी दाराशी पाट टाकून बसू लागल्या, कुणाला आत जाऊ देईनात. त्याच आठवड्यात ताईला ताप चढला. मी कुंडीकडे बघायचंच टाळू लागले, पाणीसुद्धा मान वळवून घालायची.

कळ्या सासूबाईंनीच पाहिल्या. पानांच्या टोकांना लाल, मुगाएवढ्या. मी आनंदानं रडले आणि लगेच वाटलं, आता गळल्या तर?

ताईला फोन केला. "घेऊन ये," ती म्हणाली.

"हालवू नको म्हणून तूच सांगितलं ना."

"डॉक्टर मले सुट्टी नाही देऊन राहिले. तू घेऊन ये."

मी टाळाटाळ करत राहिले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "फूल तिले दाखवासाठी आहे, का तुले धीर यावा म्हणून?" मला राग आला, कारण ते खरं होतं.

एसटीत कुंडी मांडीवर घेतली, भोवती पदराचा आडोसा केला. प्रत्येक धक्क्याला मी श्वास रोखून धरायची. भंडाऱ्यापर्यंत सगळ्या कळ्या जागेवर होत्या. पुढं एकेक करून पदरात पडत गेल्या. दवाखान्यात पोचले तेव्हा झाडावर एकच उरली होती.

पलंगावर ताई उशीला टेकून बसली होती. तिला पाहताच मला रडू फुटलं. ती मात्र हसली. "अवं, माह्या घरी बी गळतात दरसाली. तू कायले भेतेस?" कुंडी खिडकीशी ठेवायला लावली, माझा पदर झटकला, कळ्या वेचून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, घरच्यांची चौकशी केली. इतक्या सहज, की मला माझीच लाज वाटली आणि जरा हलकंही वाटलं.

निघताना तिचा हात हातात घ्यायला गेले, तर तिनं मूठ उघडली नाही. बोटांच्या फटीतून एका गळलेल्या कळीचं लाल टोक दिसत होतं.