नकाशावरचं जांभूळ

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जातो, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे. सारी हयात जमिनी मोजण्यात गेली... साखळीनं मोजता येत नाही ते खरं नाही, असा माझा खाक्या. तरी हे लिहितोय.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. लोणावळ्याला बिऱ्हाड, आणि मोजणीसाठी मावळभर पायपीट. त्या पौषात आंदर मावळातल्या एका गावी गेलो होतो. सरूमावशी विधवा बाई, शेजारचं रान तिच्या धाकट्या दिराचं, तुकाभाऊचं. मधला बांध पावसात वाहून गेलेला. हद्दीचा कोपरा भाऊ एकीकडे दाखवायचा, मावशी दुसरीकडे. दोघंही मनापासून! मधल्या पट्टीतच मावशी भाताचं रोप टाकायची. ती पट्टी गेली तर लावणी कशाची करणार?

मावशीनं नकाशावर वाकून विचारलं, ही अक्षरं कशाची. सांगितलं — द. म्हणजे हद्दीचा दगड, बां. म्हणजे बांध, आणि तुमच्या कोपऱ्यावर जां. झा., म्हणजे जांभळाचं झाड. झाड तर कधीच पडलेलं, आसपासचे दगडही हललेले... साखळी धरायची कुठून? माझं डोकं उठलं.

दुपारी भाकरी खाऊन सावलीत आडवा झालो. काय गार सावली होती! डोळा लागला. भाऊनं हलवून उठवलं, उन्हात का निजलाय म्हणून. बघतो तर वर नुसतं आभाळ. आणि सदऱ्यावर, खांद्यापाशी, जांभळा ओला डाग.

भाऊचा चेहराच उतरला. हळू म्हणाला, "झाडाखाली कुनी निजलं की दादा वरनं जांभळं टाकायचा. लय खोडीचा."

दादा म्हणजे मावशीचा गेलेला नवरा. मावशीनं पदर तोंडाला लावला... हसत होती की रडत, कळेना.

पहार भाऊनंच आणली. मी निजलो होतो तिथंच खणलं. हद्दीच्या खुणेखाली कोळसा पुरायची जुनी रीत, कारण कोळसा कुजत नाही. तो निघाला, कुजक्या मुळांशी. मावशी दाखवत होती तीच जागा.

"वैनी, रोप हितंच टाका," एवढंच भाऊ बोलला, आणि माती सारखी करू लागला.

घरी आमच्या सौ.नं सदरा रिठ्यात भिजवला, घासघास घासला, मला यथेच्छ बोलून घेतलं. पौषात जांभळं कुणी दिली म्हणे!

"दिली नाहीत गं," म्हटलं, "टाकली."

कुणी, ते मला आजही सांगता येत नाही. सदरा ट्रंकेत आहे, डागासकट.