यादीत टॉलरन्स नव्हता

निघायच्या दिवशी पप्पांनी माझ्या बॅगेचं वजन चार वेळा केलं. छताला माझ्या पाळण्याचा जुना हूक अजून होता. त्याला वर्कशॉपमधला स्प्रिंगचा काटा अडकवला, काट्याला बॅग, आणि आकडा स्थिर होईपर्यंत ते श्वास रोखून उभे राहिले. "बावीस आठशे. अजून दोनशे ग्रॅम चलतले." आईनं लगेच आमसुलांची पुडी कोंबली.

विमानतळावर काचेच्या दारापाशी मला हात करताना ते बाजूनं येणाऱ्या ट्रॉलीवर आपटले. "लक्ष कुठंय तुमचं?" आई ओरडली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आलं असेल. तसं वाटून जरा बरंच वाटलं, कबूल करते.

पप्पा मरोळच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं लेथवर टर्नर होते. ड्रॉइंगवर नुसतं माप लिहिलेलं असलं तर ते कामाला हात लावत नसत. पुढेमागे किती चालेल, ते लिहून आणा, मग बोला. शाळेतलं माझं गणित दाखवलं तरी हाच प्रश्न, "टॉलरन्स किती?" माझी पीएचडी त्याच प्रश्नावर झाली म्हणा ना. सुरुवातीची बारीकशी चूक पुढे किती फुगते, याचं गणित. सहा वर्षं त्यात गेली. पुढची तीन दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेली, कायमची जागा काही निघाली नाही. मग जर्मनीतल्या एका उपग्रह कंपनीला कक्षांचं गणित करणारं माणूस हवं होतं, आणि मी निघाले.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत 'ती रॉकेट बनवते' अशी बातमी झाली. मी रॉकेट लांबूनही पाहिलेलं नाही. एखादी वस्तू उद्या, परवा, आठवड्यानं कुठे असेल ते मी सांगते, आणि त्यात किती चूक असू शकते तेही सांगते. पीएचडीत चुकलं की गाईड भुवया उंचावायचे. इथं चुकलं तर खरीखुरी वस्तू खऱ्याखुऱ्या वस्तूवर आदळू शकते.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर मी पप्पांसाठी एक यादी केली. आमचा एक उपग्रह अधूनमधून दिवेलागणीला मुलुंडवरून जातो. खाली सूर्य बुडालेला असतो, वर त्याच्यावर अजून ऊन असतं, त्यामुळे चालती चांदणी दिसते. दोन महिन्यांच्या तारखा, वेळा, दिशा मी लिहून पाठवल्या. पप्पांनी यादी फ्रिजवर चिकटवली आणि सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली मिळवली. पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर नुसतं आभाळ दिसत होतं आणि त्यांचा आवाज. "दिसली गो बाय! सेकंदावर इली!" मी ऑफिसच्या किचनमध्ये उभी राहून रडले.

यादीत टॉलरन्स नव्हता. घरच्या माणसाला कशाला तो घोळ, असं मला वाटलं. पप्पांनीही विचारला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नुसता आकडा घेतला, कारण तो माझा होता.

पाचव्या आठवड्यात फोन आला, "आज काय दिसाक नाय." पुढच्या वेळीही तेच. दिलेल्या वेळेनंतर मिनिटभर थांबायचं आणि खाली यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, "डोळ्यांचोच काय तरी घोळ असतलो. दाखवून येऊ काय?"

मी हसले. "पप्पा, डोळे ठणठणीत आहेत तुमचे. यादी शिळी झालीय." मग अर्धा तास खुशीत समजावत बसले. विरळ हवा उपग्रहाला कशी अडवते, मध्ये आम्ही कक्षा कशी बदलली, रोजची चूक कशी साठत जाते. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरणच ते. पप्पांनी सगळं ऐकलं. "म्हणजे माझे डोळे बरे." मी म्हटलं, "एकदम झकास." माझं गणित बरोबर होतं. आज तपासलं तरी बरोबरच येतं.

त्यानंतर मी दर आठवड्याला ताजी यादी पाठवू लागले. पप्पा दर वेळी सांगायचे, "दिसली."

वर्ष उलटल्यावर गच्चीवरून उतरताना त्यांची पायरी चुकली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. काचबिंदू. डावा डोळा जवळपास गेलेला, उजव्यात मधलं तेवढं उरलेलं. हा आजार कडेकडून खात येतो, दुखत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. विमानतळावर ती ट्रॉली त्यांना दिसलीच नव्हती. वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चांदणीही त्यांना कधीची दिसत नव्हती, हे मग आईनं फोनवर सांगितलं. "मला बोलू देईनात गं. म्हणायचे, दिसली नाही म्हटलं तर पोर आपल्या गणितात चूक शोधत बसेल."

मी पंधरा दिवस घरी गेले. थेंबांचं वेळापत्रक केलं, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली. उरलेली नजर किती टिकेल, ते डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. साधारण? "नाही हो, असं नाही सांगता येत." इतकी वर्षं जे शिकले ते याच प्रश्नासाठी. रजा संपली. निघताना पप्पांनी पुन्हा काटा काढला. आकडा मात्र मला वाचायला सांगितला.

हे वाचणाऱ्यांपैकी जे मागे घरीच राहिलात ते म्हणाल, एवढं वाटतं तर ये ना निघून. जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना ठाऊक आहे, आता जाऊन गेलेलं मिळत नाही. तरी वाटतं, तेव्हा समोर बसलेली असते तर पप्पा चहाचा कप चाचपडताना दिसले असते. फोनवर माणूस मधोमध दिसतो, त्याच्या आजूबाजूचं काही दिसत नाही.

आता यादीत टॉलरन्स असतो. सात वाजून बारा मिनिटं, पाच सेकंद पुढेमागे. आई वाचून दाखवते आणि हाताला धरून त्यांना वर नेते. तिचं लक्ष आभाळाकडे नसतं, त्यांच्या पायांकडे असतं. घर कुठे, असं इथं कोणी विचारलं की मला ती गच्चीच आठवते. तिचे अक्षांश-रेखांश मला पाठ आहेत.

परवा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "दिसली गो बाय. झकास दिसली."

मी स्क्रीनकडे पाहिलं. आठवड्याच्या मध्यात आम्ही कक्षा उंचावली होती आणि नवी यादी पाठवायची मी विसरले होते. उपग्रह अजून तीन मिनिटं लांब होता, कन्याकुमारीच्या पलीकडे समुद्रावर.

"हो पप्पा," मी म्हटलं, "सेकंदावर आली."

ते खूश झाले. चला आता, पायरी सांभाळा, आई म्हणाली. फोन चालूच राहिला होता. गच्चीचं कुलूप लागल्याचा आवाज आला. त्यांच्या चपला एकेक पायरी उतरत होत्या, ते मी ऐकत राहिले. स्क्रीनवरचा ठिपका मुलुंडवर आला तेव्हा वर कोणी नव्हतं.