मशीनवर नसलेला ‘ळ’

टाइपरायटरच्या जुन्या फितीचा वास आला की मला साठच्या दशकातली लोणावळा नगरपालिकेची ती ओलसर कचेरी आठवते. मी तिथे टायपिस्ट होते. हिंदी मुलखातून आलेल्या आमच्या मशीनवर ‘ळ’च नव्हता, म्हणून मावळ, तळेगाव, सगळीकडे ‘ल’ टाइप करायचा आणि मग पेनाने त्याचा ‘ळ’ करायचा. संध्याकाळपर्यंत बोटं आणि डोळे पार शिणून जात. साहेबच म्हणत, “राहू द्या आता, लोकांना कळतं.” मग मीही ‘ल’ तसाच सोडायचे. अशाच एका संध्याकाळी वलवणकडचा एक मजूर मुलाच्या मृत्यूचा दाखला न्यायला आला. मूल बारशाआधीच गेलेलं, त्यामुळे नोंदवहीत नावाच्या जागी नुसतं ‘बाळ’ होतं. मी दिलेला कागद त्याने अक्षर अक्षर लावून वाचला आणि हळूच म्हणाला, “बाई, हितं बाल झालंय. आमचं बाळ व्हतं वो. घरी त्याची आई वाचंल.” मी नवा कागद चढवला, सगळा दाखला पुन्हा टाइप केला, नावाची जागा मोकळी सोडली आणि तिथे पेनाने ‘बाळ’ लिहिलं. शाई वाळेपर्यंत तो कागद तळहातावर धरून उभा राहिला. नोकरीत टाइप केलेलं काहीच आता माझ्या लक्षात नाही. हाताने लिहिलेला तो शब्द मात्र अजून दिसतो.