बिनफवारणीची ओळ

वांगी निवडण्यात माझ्या लेकीचा हात कोणी धरू शकत नाही. ती नऊ वर्षांची आहे, बोलत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही. पण मी आणि तिची आई ज्या वांग्याला चांगलं समजून कॅरेटमध्ये टाकतो, त्याच्या देठाखालचं अळीचं टाचणीएवढं भोक तिला बरोबर दिसतं. मग ती ते उचलून बकरीच्या टोपल्यात टाकते. माझ्या नजरेवर तिचा काडीचा भरवसा नाही.

अनसिंगजवळ आमचा दीड एकर भाजीपाला आहे. लेक स्वमग्न आहे हे ती चार वर्षांची असताना अकोल्यात कळलं. तोवर आम्ही ‘पोरगी उशिरा बोलेल’ म्हणून दिवस ढकलत होतो. तेव्हापासून महिन्यातून दोनदा एसटीनं अकोल्याची थेरपी चालू आहे. हॉर्नचा आवाज तिला सोसत नाही, म्हणून तिची आई सगळा रस्ता दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकून बसते. आईच्या नाकाला खाज सुटली की ते खाजवायचं काम माझं. लोक बघतात. बघू देत.

मागच्या वर्षीची गोष्ट मात्र मला अजून सांगवत नाही. लेक दोन दिवस भिंतीवर डोकं आपटत होती, ओरडत होती. कोणी म्हणालं दृष्ट लागली, मी म्हणालो हट्ट आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्या दिवशी मी तिच्या गालावर एक चापट मारली. तिसऱ्या दिवशी त्याच बाजूच्या कानातून पू आला.

“तिले दुखून राह्यलं होतं,” बायको एवढंच म्हणाली. “काहून मारलं तुमी?”

 

थेरपीच्या मॅडमनी मग एकच गोष्ट हाती घेतली. दुखतं हे हिला सांगता आलंच पाहिजे. त्यांनी रडक्या चेहऱ्याच्या चित्राचं कार्ड दिलं. दुखलं की हे आणून द्यायचं. लेकीनं पहिल्या आठवड्यात त्याचा एक कोपरा चावून खाल्ला. आम्ही दुसरं आणलं. समजावं म्हणून मी पोट धरून अंगणात गडबडा लोळून दाखवलं. शेजारचे धावत आले, लेक मला ओलांडून वांगी निवडायला गेली. वर्षभर हेच चाललं. रोज झोपताना मला एकच धास्ती, हिला आत काही दुखत असेल आणि आपण पुन्हा ओरडत बसू.

यंदा दिवाळीनंतर एका दुपारी टेम्पो दारात उभा होता आणि अजून चार कॅरेट भरायची होती. लेक एक किडकं वांगं घेऊन माझ्याजवळ आली. मी ते टोपल्यात टाकलं. तिनं टोपल्यातून काढून परत आणलं. मी पुन्हा टाकलं, तिनं पुन्हा आणलं.

“आता काय आहे वं बाई तुह्यं!” माझा आवाज चढला.

तिनं माझा हात धरला. तिनं होऊन कोणाचा हात धरणं आमच्या घरात नवलच. ते वांगं तिनं माझ्या तळव्यात ठेवलं आणि वांग्यासकट तो तळवा आपल्या उजव्या कानावर दाबला. मागच्या वर्षी मारलं होतं, तोच हात.

“थांबा!” बायको कॅरेट टाकून उठली. “कान दुखून राह्यला तिचा. सांगून राह्यली ते.”

टेम्पो तसाच पाठवला. वाशीमच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, आत सूज आहे, बरं झालं लवकर आणलं. तुम्हाला कळलं कसं? मी खिशातून वांगं काढून टेबलावर ठेवलं.

“हिनं सांगतलं,” मी म्हणालो. बायकोनं पदर तोंडाला लावला. लेक टेबलाचा कोपरा मोजून मोजून टिचकीनं वाजवत होती.

अकोल्याच्या मॅडमनी कार्ड परत घेतलं. किडकं वांगं हेच तिचं कार्ड, म्हणाल्या, तिच्या हाताशी कायम ठेवा. आता कार्ड सडत नाही, वांगं सडतं. अळीचं वांगं ताजं मिळत राहावं म्हणून बांधाकडची एक ओळ मी फवारायची सोडून दिली आहे.

“पागल झाला का?” शेजारी म्हणतो. “तुही अळी माह्या वावरात येईन ना!”

“आली तं सांग, तुह्या बांधाची फवारणी मी करून देतो,” मी म्हणतो.

दर तीन-चार दिवसांनी मी त्या ओळीत उकिडवा बसून भोक पडलेलं वांगं शोधतो आणि दाराजवळच्या टोपलीत ठेवतो. जाता-येता माझं लक्ष तिकडेच असतं. बहुतेक वेळा लेक त्याला हातही लावत नाही, ते तिथेच सुकतं. मग मी ते बकरीला घालतो आणि दुसरं आणून ठेवतो.