फळीची आतली बाजू

सुतारकाकांचा राग अख्ख्या गल्लीला ठाऊक होता, पण माळ्यावरच्या जनावरांवर तो कधी निघाला नाही. छपराचं भोक बुजवायला कुणी बोलावलं, की ते आधी त्यात कागदाचा बोळा कोंबायचे. दोन दिवस बोळा जागचा हलला नाही, तरच फळी ठोकायची. हलला तर आत कुणीतरी राहतंय, तेव्हा थांबायचं. चाळीस वर्षं हाच नेम.

निवृत्त हेडमास्तरांच्या माळ्यावर उदमांजर शिरलं. बोळा दुसऱ्याच दिवशी अंगणात पडलेला दिसला. "आत पिल्लं असणार. महिनाभर कळ काढा, आपणहून जातील," काका म्हणाले. पण हेडमास्तरांना कुठला धीर! भर दुपारी त्यांनी स्वतःच शिडी लावली आणि फळी ठोकून मोकळे झाले.

दहा दिवसांनी काकांना निरोप आला, "घरात उभं राहवत नाही. वास घालवा."

काका फळी उचकटून खाली उतरले, तेव्हा त्यांच्या अंगाची लाहीलाही होत होती. "दुपारी ती आत झोपलेली असतात! शाळा चालवलीत ना तुम्ही?"

"मला वाटलं, गेली असतील."

"कसली गेली!" हेडमास्तरांची बायको दारातून म्हणाली. "चार दिवस वर खरवडत होतं. तुम्हीच म्हणालात, टीव्हीचा आवाज वाढव."

काकांनी फळी उलटी करून हेडमास्तरांच्या हातात ठेवली. बोटभर जाडीची फळी आतून निम्मीच उरली होती.