चवीचा रकाना

बडनेऱ्याजवळच्या नाल्यावर आगगाडीच्या पुलाचे खांब उभे राहत होते, तेव्हा त्यांच्या चुन्याची परीक्षा मुंग्या करीत असत. कामाच्या दफ्तरात याची नोंद कोठेही नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे कोठे तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्याकडच्या बायका चांदीचे गोठ घालू लागल्या होत्या. या दोहोंचा संबंध यजमानांनी मला दोनदा समजावून सांगितला, तरी तो मला खरा वाटला नाही. दिसत होते ते एवढेच की अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडे आणि वाटेवरच्या बाभळी काट्याकाट्यांवर पांढऱ्या होत. जो तो वेचणीला गेलेला. पुलाच्या कामाला माणूस मिळत नसे, आणि आगगाडीच्या साहेबाला तर पूल लवकर हवा होता.

यजमान अमरावतीस मुलांना अक्षरे शिकवीत. साहेबाने त्यांना चुन्याचे कारकून नेमले आणि आम्ही तिघे, ते, सासूबाई आणि मी, कामाच्या तळाजवळ कुडाच्या घरात राहावयास आलो. अंगणात एक कडुनिंब होता. त्याच्या पलीकडे चुना मळण्याची घाणी. बैल फिरू लागले की दगडी चाक चुन्यावरून कण्हत जाई. भट्टीतल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडले की आधी फुत्कार ऐकू येई, मग वाफ दिसे, आणि मग तापलेल्या दगडाचा, घशाला कोरड पाडणारा वास घरभर पसरे. त्या वासाची मला पुढे इतकी सवय झाली की सुटीच्या दिवशी भात बेचव लागे.

चुना चिवट व्हावा म्हणून त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गर मिसळीत. मजूर गूळ खाऊन टाकतात आणि चुन्यात नुसते पाणी पडते, अशी साहेबाला शंका होती. म्हणून त्याने एक वही करून दिली. तिच्यात तीन रकाने होते: रंग, चिकटपणा आणि चव. रोज सकाळी घाणीत पाणी पडण्यापूर्वी कारकुनाने ते स्वतः चाखावे आणि तसे लिहावे. साहेबाने बोट बुडवून, चाखून दाखविले, मान हलविली आणि रुमालाने बोट पुसले.

त्याला ते सोपे होते. आमच्याकडे कोरडा गूळ कोणाच्याही हातचा चालतो. तोच दुसऱ्या जातीच्या हातून पाण्यात विरघळला की चालत नाही. हा नियम आमच्या घरात कोणी समजावून सांगत नसे, कारण तो न समजणारे माणूस आमच्या घरात नव्हते. यजमान ढेपेचा कोरडा तुकडा चाखीत आणि वहीत लिहीत: ‘चाखले. गोड.’ ढेप गोडच असे. पण लिहून झाल्यावर ते बराच वेळ लेखणी पुसत बसत.

तोडगा मी काढला. कडुनिंबाखाली फेकलेल्या एका द्रोणाला मुंग्या लागलेल्या मी पाहिल्या होत्या. तेव्हा असे ठरले की कामावरच्या मिस्त्रीने रोज पहाटे त्या दिवसाच्या पाण्याचा एक द्रोण निंबाखाली ठेवून जावा. त्या वेळी मी ओसरीवर दळण दळत असे. वडील पुराणिक होते. मुलीच्या जातीला कशाला, असे सारे म्हणत असताना त्यांनी मला वृत्ते आणि छंद शिकविले होते. मी स्वतःच्या ओव्या रचून म्हणे आणि त्या मापात असत. बारा ओव्यांच्या आत द्रोणाला मुंग्या लागल्या की पाणी गोड. न लागल्या तर फिके. सासूबाईंच्या ओव्या या कामास चालण्यासारख्या नव्हत्या. त्यांचा चौथा चरण कधी संपेल हे त्यांनाही ठाऊक नसे.

मी ही परीक्षा मन लावून केली. द्रोण त्याच मुळाशी, जाते त्याच गतीने, ओव्या त्याच बारा. मुंग्या बहुधा सातवीला येत. मग मी दळणाच्या हातानेच खूण करी आणि यजमान वही उघडीत.

मिस्त्री दर्यापुराकडचा म्हातारा गवंडी होता. विहिरी आणि घाट बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. चुन्याने त्याच्या बोटांची नखे खाल्ली होती. आठवड्याभरात सारा प्रकार त्याच्या ध्यानात आला.

“महाराज,” तो यजमानांना म्हणाला, “माह्या चुन्याले मुंग्या मंजुरी देते काय?”

“शास्त्रात अडचण आहे,” यजमान म्हणाले.

“गूळ तोच, हात तेच. पान्यानं काय केलं बाप्पा?”

यजमान लेखणी पुसू लागले. मिस्त्रीने द्रोण मुळाशी नीट टेकवून ठेवला, सांडू नये म्हणून.

पौषात, भोगीच्या दिवशी, मुंग्या आल्या नाहीत.

बारावी ओवी झाली. मी पुढे म्हणत गेले. विसावी झाली, तिसावी झाली. पीठ संपले तरी जाते फिरत राहिले. द्रोणातले पाणी तांबूस आणि स्वस्थ होते. त्यावर निंबाचे एक पिवळे पान येऊन पडले. मी हात थांबविला आणि यजमानांना मान हलवून नाही म्हटले.

त्यांनी वहीत लिहिले: ‘फिके.’ मग मिस्त्रीला अंगणात बोलावले.

“आजचे पाणी फिके आहे. कालचे तरी कसे असेल कोण जाणे. साहेब सकाळी येतील. दोन दिवसांचे थर उतरवावे लागतील.”

“फिकं? कोन म्हनते फिकं?”

“परीक्षेत निघाले.”

“म्हंजे माह्या लोकायनं गूळ खाल्ला, असंच ना?”

“मी तसे म्हटले नाही.”

“तुमी नाई म्हटलं. साहेब म्हनन.” मिस्त्री ओसरीकडे न पाहता बोलत होता, पण ते मला ऐकू यावे इतक्या मोठ्याने. “माह्या हातानं गूळ फोडला, माह्या हातानं घोटला. थर उतरवा, खुशाल उतरवा. पन उद्या मले चोर म्हनून हाकललं, त इथून चांदुरापर्यंत कोनी मले दगड उचलाले बी ठेवनार नाई. मुंग्याइच्या सांगन्यावर!”

तो गेला. यजमान दिवसभर जेवले नाहीत. मीही एवढेच म्हणत राहिले की परीक्षा चोख झाली होती. जागा तीच, गती तीच, ओव्या त्याच.

दिवेलागणीला सासूबाईंनी संक्रांतीच्या तिळगुळाचा पितळी डबा उघडला आणि किंचाळल्या.

“अगं, हा तिळगूळ चालतोय!”

तो खरोखर चालत होता. लाडूंवर लाडवांपेक्षा मुंग्याच अधिक होत्या. मी समई उचलून त्यांची रांग उलटी तपासत गेले. ती शिंक्याच्या दोरीवरून कुडावर, कुडावरून उंबऱ्यावर आणि तेथून सरळ निंबाच्या मुळाशी जात होती. द्रोणापासून दोन हातांवरून ती गेली होती आणि वळली नव्हती. महिनाभर आम्हीच त्यांना दाराशी बोलावले होते. त्यांना आत अधिक चांगला माल सापडला. सकाळी त्या कामावर नव्हत्या, एवढाच त्यांच्या न येण्याचा अर्थ होता.

द्रोणात पाणी अजून होते. मी पान बाजूला सारले आणि बोट बुडवून चाखले.

आधी बेलाचा डिंकासारखा तुरटपणा आला, मग गुऱ्हाळातल्या धुराची आठवण, आणि मग जिभेच्या कडांवर सावकाश चढत जाणारा गूळ. गोड होते. एका परीक्षेवर विसंबू नये हे मी नुकतेच शिकले होते, म्हणून दुसऱ्यांदा चाखले.

आत जाऊन मी म्हटले, “पाणी गोड आहे.”

“मुंग्या आल्या?” यजमानांनी विचारले.

“त्या डब्यात आहेत.”

“मग कोणी सांगितले?”

मी बोट पुढे केले. नव्या भिंतीतली भेग पाहावी तसे ते त्या बोटाकडे पाहू लागले. सासूबाई लाडवांवरच्या मुंग्या फुंकत होत्या, त्या थांबल्या.

“किती वेळा चाखलेस?”

“दोनदा.”

“एकदा काय नि दोनदा काय,” त्या म्हणाल्या. “तीन दिवस बाजूला बस. चौथ्या दिवशी पंचगव्य. उद्या हळदीकुंकवाला तू नाहीस.” मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “आणि तू इथे काय बसलास? त्या म्हाताऱ्याने सकाळपासून पाणी तरी घेतले असेल का?”

यजमान पागोटे घालून गेले. तेथे काय बोलणे झाले ते मला कळले नाही. परत आल्यावर त्यांनी ‘फिके’ या शब्दावर पिवळी हरताळ फासली, ती वाळू दिली आणि त्यावर नेहमीच्या वळणदार अक्षरांत लिहिले: ‘चाखले. गोड.’

सकाळी साहेब आला. त्याने हातोडीने खांबावर चार ठिकाणी ठोकून पाहिले, वहीची पाने उलटली आणि सही केली. सबंध वहीत ती एकच नोंद खरी होती, आणि ती इतर नोंदींहून कशातही वेगळी दिसत नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी मी मागच्या पडवीत बसले होते. पुढल्या अंगणातून हळदीचा, उसाच्या कांड्यांचा आणि कोऱ्या लुगड्यांचा वास येत होता. आमच्या घरचा तिळगूळ कोणाला मिळाला नाही. सासूबाईंनी थोडा वेळ विचार केला आणि पडवीच्या दाराशी येऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या,

“तीन दिवस बाटून बसलीच आहेस, तर तीन दिवसांचे पाणी तूच चाखून टाक. वेगळे प्रायश्चित्त लागत नाही.”

या नियमाला आधार कोठला, हे यजमानांनी विचारले नाही. त्या तीन दिवसांत त्यांनी लेखणी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्त्री द्रोण घेऊन पडवीशी आला आणि तो खाली ठेवून दूर उभा राहिला.

“बाई, फिकं असन त तोंडावर सांगा.”

मी चाखले. “गोड आहे. पण परवा बेल कमी होता. आज जास्त पडला आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग द्रोणाकडे. “व्हय,” तो म्हणाला. “गर काढाले आज दुसरी बाई होती.” आणि जाता जाता म्हणाला, “हे मुंग्याइनं कधी सांगितलं नाई.”

चौथ्या दिवशी मी पंचगव्य घेतले. त्याच्या चवीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सासूबाईंनी डबा पाण्याच्या परातीत ठेवला, मुंग्या निंबाखाली परतल्या आणि मी पुन्हा जात्यावर बसले. नवव्या ओवीला त्या द्रोणावर चढल्या. मी खूण केली, यजमानांनी वही उघडली. पण कधी बेल कमी पडला, कधी गूळ जुना आला, हे आता कोणाला कळत नव्हते, आणि मला ते कळत नसल्याचे कळत होते.

त्याच दिवशी दुपारी मिस्त्री पुन्हा आला. ओसरीच्या कडेला त्याने कापसाच्या गाडीवरच्या फडक्यात बांधलेला एक खडा ठेवला.

सासूबाईंनी फडके उलगडले. आत गूळ होता, वितभर रुंद ढेपेचा, आतून सोनेरी.

“हा कामावरचा तर नव्हे?” त्यांनी कडक आवाजात विचारले.

“नाई आजी, बजारचा हाये. कामावरचा सारा पान्यात गेला. बाईले इचारा.” आणि मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “कोरडा हाये. चालते.”

सासूबाईंनी त्याचे दोन तुकडे केले. एक देवापुढे ठेवला. दुसरा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत तेथेच उभ्या राहिल्या.

“कसा आहे?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, “गोड.”