फिलूबायची साक्ष

"तुझी बहीण देवाघरी गेली," पास्कूभावोजींनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, "कोणाच्या घरी?" समोरचा माणूस रडत होता आणि मी असं बोललो. पण राहवलं नाही. फिलोमिना, माझी मोठी बहीण, सगळ्या भुईगावची फिलूबाय, स्वतःच्या खाटेवर गेली. आणि तिला जायची काही गरज नव्हती.

आई लवकर वारली, मला वाढवलं ते फिलूबायनं. पहाटे वाडीतला सोनचाफा खुडून बाजारात पाठवायचा आणि मग माझी मानगूट धरून देवळात मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला न्यायचं, हा तिचा क्रम. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथे मला डुलकी लागली की चिमटा काढायची. पुढे मी मास्तर झालो, नायगावला फ्लॅट घेतला आणि देऊळ सुटलं. दर रविवारी तिचा फोन, "गेलास का रे पाखंड्या?" मी म्हणायचो, तू जातेस ना, त्यातच माझं धर. ती हसायची. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, केस गेले, पुन्हा उगवले. डॉक्टर म्हणाले, आता फक्त गोळ्या आणि तपासण्या चुकवू नका. तेवढ्यात शेजारणीनं तिला एका मंडपातल्या प्रार्थना सभेला नेलं. तिथला प्रवचन करणारा ब्रदर विचारायचा, कोण बरं झालं, पुढे या, साक्ष द्या. फिलूबाय भोळी, आभार मानायला उठली. माईक हातात आला आणि म्हणाली, "येशूनं मला बरं केलं." टाळ्याच टाळ्या. डॉक्टरचं नावसुद्धा नाही…

एकदा साक्ष दिली की गोळी खाणं म्हणजे देवावर संशय घेणं, असं त्या मंडपात शिकवतात. तिनं गोळ्या सोडल्या. आमच्या गावच्या फादरनी तिला बजावलं, "अगं, मग देवानं डॉक्टर कशाला केले?" पण त्यांच्या बोलण्यावर कोण टाळ्या वाजवणार?

पावसाळ्यानंतर ती डाव्या हातानं चाफा खुडताना दिसली. विचारलं तर म्हणे उजवा खांदा भरून आलाय. मी भांडलो, रिक्षा दारात आणून उभी केली, तर ही आतून कडी लावून बसली. शेवटी नेलं तेव्हा काखेतली गाठ फुटली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

शेवटच्या भेटीत मी एवढंच विचारलं, "का गं, बाय?"

"सगळ्यांसमोर बोलले रे मी," ती म्हणाली. "आता परत आलं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? लोक म्हणतील, हिचा देव खोटा… त्याचं नाव जाईल."

माझी बहीण देवाची अब्रू राखता राखता मेली. आधी माझं देव न मानणं म्हणजे निम्मा आळस होता. आता तसं नाही. चाफा खुडणाऱ्या बाईला जीव देऊन ज्याची लाज झाकावी लागते, तो देव मला नको. आणि तो कुठेतरी आहे, असं आता मला वाटतही नाही.

मयताला तो ब्रदर आला. "विश्वासात कुठेतरी फट राहिली असेल," म्हणाला, अगदी मायेनं. मी त्याची बाही धरून त्याला फाटकाबाहेर काढलं. नातेवाईक म्हणाले, मास्तरनं मयताच्या घरी तमाशा केला. केला.

फिलूबायचा मोबाईल भावोजींनी माझ्याकडे दिला. गेल्या आठवड्यात तो वाजला. एव्हरशाईन सिटी वसाहतीतून कुणी बाई बोलत होती. "फिलोमिनाताई आहेत का? त्यांच्या साक्षीचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आलाय, खाली हा नंबर होता. माझ्या आईलाही तसंच आहे. ताईंचं ऐकून तिनं गोळ्या बंद केल्यात. जरा आईशी बोलतील का?"

"त्या गेल्या," मी म्हटलं. "गोळ्या बंद केल्या म्हणून गेल्या. आईला आजच दवाखान्यात न्या."

 ती म्हणाली, "पण व्हिडिओत तर बऱ्या झाल्यात…" आणि फोन ठेवला. मी परत लावला, पुन्हा पुन्हा लावला. तिनं उचलला नाही.

भावोजी म्हणतात, नंबर बंद करून टाक आता, उगाच जिवाला घोर. मी करत नाही. रोज तो मोबाईल चार्जिंगला लावतो आणि शाळेत जाताना खिशात ठेवतो. उद्या आणखी कुणी विचारेल, ताई आहेत का. नाहीत म्हणून सांगायला कुणीतरी पाहिजे.